मोठा फोल्डिंग चाकू बॅगेत ठेवून फिरणं कायदेशीर आहे का?

रानवाटा
नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण धड उत्तर कुठे मिळेना. माझ्याकडे एक फोल्डिंग चाकू आहे, पातं साडेपाच इंच, उघडल्यावर मुठीसकट बारा इंचाच्या आसपास भरतो. पातं पूर्ण उघडलं की लॉक होतं, अंगठ्याने ढकलून उघडावं लागतं, खटका किंवा बटण नाही. जंगलात मुक्काम असला की दोर कापायला, तंबूच्या खुंट्या तासायला आणि पावसाळ्यात ओल्या फांदीची साल काढून आतलं सुकं लाकूड मिळवायला तो लागतो. घरात असतो तेव्हा काही टेन्शन नाही, प्रश्न आहे तो तिथपर्यंत नेण्याचा. कोणी म्हणतं सहा इंचाच्या आत असेल तर बिनधास्त ने, कोणी म्हणतं लिमिट नऊ इंच आहे, आणि एक जण तर म्हणाला चाकू दिसला की आर्म्स अ‍ॅक्ट लागलाच समज. नाकाबंदीत बॅग उघडली तर नक्की काय होऊ शकतं? लायसन लागतं का? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा प्लीज, ऐकीव माहिती भरपूर झालीय.

कोर्टाची_पायरी
फौजदारी केसेस बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. नऊ इंचाचा आकडा खरा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ (म्हणजेच आर्म्स अ‍ॅक्ट) आणि त्याखालचे २०१६ चे नियम, त्यातल्या अनुसूची १ मध्ये वर्ग ५ बघा. तलवारी, खंजीर, संगिनी, भाले यांच्याच यादीत चाकू आहेत, म्हणजे ज्यांचं पातं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद आहे असे. दोन गोष्टी लोक हमखास चुकवतात. एक म्हणजे मोजायचं ते पातं, अख्खा चाकू नाही, त्यामुळे तुमचे ते बारा इंच इथे बाद, तुमचा आकडा साडेपाच. दुसरं म्हणजे मधला शब्द 'किंवा' आहे, लांबी कमी असली तरी रुंदी दोन इंचाच्या वर गेली की तो यादीत येऊ शकतो, आणि काही जाडजूड कॅम्पिंग चाकूंची पाती खरंच तेवढी रुंद असतात, तेव्हा एकदा पट्टी लावून बघा.

त्याच वाक्यात पुढे सूट पण आहे, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळली आहेत. आणि कलम ४ खाली लायसनची सक्ती आपोआप देशभर नसते, केंद्र सरकारने त्या भागासाठी तशी अधिसूचना काढलेली असावी लागते. तुम्ही वर्णन केलाय तसा चाकू असेल तर लायसन काढायची गरज नाही.

सहा इंच कुठून आलं? माझ्या मते विमानातल्या कृपाणाच्या नियमावरून. विमान सुरक्षेच्या २०२२ च्या एका आदेशात शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात अंगावर कृपाण नेता येतं, पातं ६ इंचापर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचापर्यंत. दोन्ही आकडे एकाच ओळीत आहेत, त्याची सरमिसळ झाली असणार. तो नियम तुमच्या चाकूला लागू नाही. विमानात कुठलाही चाकू केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात टाकायचा.

पण साडेपाच इंच म्हणजे सुटलो असं समजू नका, महाराष्ट्रात खरी अडचण वेगळीच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७(१). पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात ना सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चाच्या वेळी, त्यात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या-लाठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला बंदी असते. तिथे इंचाचा विषयच नाही, काठी सुद्धा चालत नाही तर लॉक होणारा चाकू कुठून चालेल. आदेश मोडला तर कलम १३५ खाली १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे आदेश बऱ्याचदा पंधरा पंधरा दिवसांचे निघतात आणि संपले की परत नवीन निघतो, त्यामुळे कित्येकदा लोकांना पत्ताच नसतो की आपण मनाई आदेश असलेल्या हद्दीतून चाललोय.

रानवाटा
बाप रे, हे ३७ चं अजिबात माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या गावात आदेश नसला आणि वाटेतल्या जिल्ह्यात असला तरी मी अडकणार?

कोर्टाची_पायरी
हो, आदेश हद्दीपुरता असतो आणि तुम्ही त्या हद्दीत असाल तर तो तुम्हाला लागू. निघायच्या आधी वाटेतल्या आयुक्तालयांचे आणि जिल्ह्यांचे आदेश बघा, वेबसाइटवर टाकतात आणि पेपरात बातमी येते. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे, पूर्वीचं १४४, १ जुलै २०२४ पासून नवा नंबर. त्याखालच्या आदेशातही शस्त्रबंदी असू शकते.

दोर_आणि_गाठ
मी रेस्क्यू टीममध्ये आहे, आमच्याकडे प्रत्येकाच्या हार्नेसला चाकू असतो म्हणून अनुभवातून लिहितो. कायद्याचं वरती छान सांगितलंय, पण रस्त्यावर तुमची बॅग उघडणारा हवालदार पट्टी घेऊन बसत नाही. तो बघतो की चाकू कुठे आहे, सोबत काय आहे, तुम्ही काय बोलता. एकदा आमच्या दोन पोरांना एकाच रात्री एकाच नाकाबंदीत थांबवलं होतं. एकाचा चाकू सॅकच्या तळाशी, कॅनव्हासच्या गुंडाळीत, दोर, कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) आणि फर्स्ट एडच्या किटसोबत. त्याला दोन प्रश्न विचारून सोडलं. दुसऱ्याचा चाकू त्याहून लहान होता पण क्लिप लावून जीन्सच्या खिशाला, अर्धी मूठ बाहेर दिसत होती, त्याला पाऊण तास बसवून ठेवलं, चाकू ठेवून घेतला आणि तो परत मिळवायला नंतर बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या. मला त्या रात्री फार राग आला होता कारण पोरगं लोकांचे जीव वाचवायला जात होतं, पण पोलिसाच्या जागी उभं राहून बघितलं तर त्याला ते खिशातून डोकावणारं हत्यारच दिसणार.

आणि एक मनापासून सांगतो, साडेपाच इंच कशाला? दोर कापायला अडीच-तीन इंचाचं, थोडे दाते असलेलं आणि बोथट टोकाचं पातं पुरतं. वजन लटकलेला ताणातला दोर तर नुसतं पातं टेकवलं तरी तुटतो, म्हणून आम्ही लोड असलेल्या दोराजवळ उघडा चाकू आणूच देत नाही. खुंट्या तासायला पण लहान पातं जास्त ताब्यात राहतं. मोठ्या फोल्डिंगचा सगळा जोर त्या एका लॉकवर येतो, लाकडात पातं अडकलं आणि तुम्ही वाकवून काढायला गेलात की लॉक सरकून पातं बोटांवर मिटतं. लाकडाचं काम जास्त असेल तर फोल्डिंग करवत न्या, काम लवकर होतं आणि तिच्याकडे कोणी हत्यार म्हणून सहसा बघत नाही.

एकटीच_निघाले
मधेच विचारते, मी बऱ्याचदा एकटी प्रवास करते, रात्रीची बस असते. पर्समध्ये स्वसंरक्षणासाठी छोटा चाकू ठेवला तर चालेल ना? पोलिसांनी विचारलं तर खरं काय ते सांगायचं, त्यात काय चुकीचं आहे?

कोर्टाची_पायरी
ताई, भीती खरी आहे, ती मी कमी लेखत नाही. पण कायदा दोन वेगळ्या गोष्टी मानतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क आहे, म्हणजे हल्ला झाला तर त्या क्षणी बचावासाठी गरजेपुरतं बळ वापरता येतं. त्या हक्काचा अर्थ आधीपासून हत्यार बाळगायची परवानगी असा होत नाही. उलट शस्त्र कायद्यातली व्याख्याच अशी आहे की हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली किंवा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. तुम्ही 'बचावासाठी ठेवलाय' म्हटलंत की औजार असल्याचा सगळा युक्तिवाद तुमच्याच तोंडून कमकुवत होतो. खोटं बोला असं मी अजिबात म्हणत नाही, ठेवूच नका म्हणतोय. शिवाय झटापटीत चाकू हिसकावून घेतला जातो ही भीती आहेच.

दोर_आणि_गाठ
शेवटच्या वाक्याला शंभर टक्के सहमत. शिट्टी, चार्ज असलेला फोन आणि कोणालातरी लाइव्ह लोकेशन, हे तीन आधी करा ताई.

सातासमुद्रापार
बाहेर फिरायला जाणाऱ्यांनी भारतातला हिशोब तिकडे लावू नये म्हणून लिहितो. मी ब्रिटनमध्ये राहतो. इथे योग्य कारण नसताना सार्वजनिक ठिकाणी फक्त घडीचा खिशातला चाकू चालतो, धार ३ इंचापर्यंत आणि पातं लॉक न होणारं. रानवाटा यांचा चाकू इथे दोन्हीकडून नापास, लॉक आहे म्हणून अडीच इंचाचा असता तरी नापासच. कामावर जाताय असं कारण दाखवता येतं, स्वसंरक्षण हे कारण धरत नाहीत. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू तर असाच अंगावर बाळगता येत नाही, मग पातं केवढंही असो, न्यायचाच असला तर बंद कुलपाच्या डब्यात. जपानमध्ये मर्यादा अजून लहान आहेत.

खटका_नको
दिल्लीचं पण लक्षात ठेवा. १९८० ची तिथली अधिसूचना आहे, बटणाचे, स्प्रिंगचे, गरारीचे (दातेरी चाकाने अडकणारे) चाकू, पातं ७.६२ सेंमी किंवा जास्त आणि रुंदी १.७२ सेंमी किंवा जास्त. त्यावरून लोकांवर वर्षानुवर्षं केसेस झाल्यात. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी एक केस रद्द केली, कारण चाकू विकायला किंवा तशा कामासाठी जवळ ठेवला होता असा आरोपच नव्हता. पण तो माणूस तिथपर्यंत जाऊन सुटला हे विसरू नका, मधली वर्षं कोर्टाच्या तारखा त्यानेच काढल्या. रानवाटा, तुमचा अंगठ्याने उघडतो हे चांगलंय, आतमध्ये स्प्रिंग नाही ना हे एकदा खात्री करून घ्या. काही मॉडेल्समध्ये थोडं ढकललं की पातं पुढे स्प्रिंगने स्वतःच उघडतं आणि बघणाऱ्याला तो खटक्याचाच वाटतो.

रानवाटा
सगळ्यांचे आभार, आत्ताच उघडून बघितलं, स्प्रिंग नाही, रुंदी सव्वा इंच. तरी मोठा चाकू आता घरीच ठेवतोय, तीन इंची आणि फोल्डिंग करवत घेऊन जाईन, दोन्ही सॅकच्या तळाशी दोराच्या पिशवीत. एकच राहिलं, स्वतःची गाडी असेल तर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला तर चालेल का?

कोर्टाची_पायरी
नको. गाडी रस्त्यावर असली की पोलीस तिची झडती घेऊ शकतात, आणि ड्रायव्हरचा हात पोचेल तिथला चाकू म्हणजे बाळगलेलाच धरतील. मागे डिकीत, बाकीच्या सामानासोबत बांधून ठेवा. आणि जप्त केलाच तर वाद घालू नका, पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी नीट मोजून लिहिलीय का ते बघा आणि सही करण्याआधी वाचा, पुढे वकिलाला तोच कागद लागतो.