प्रोटॉन–झिर्कोनियम: रिअ‍ॅक्शन क्रॉस सेक्शन जुळतो, इलॅस्टिक आलेख का चुकतो?

आंशिकतरंग:
३० एमईव्हीचे प्रोटॉन, लक्ष्य झिर्कोनियम-९०. ऑप्टिकल मॉडेलचा (अणुकेंद्राऐवजी एक कॉम्प्लेक्स पोटेन्शिअल धरून विकिरण काढायचं) कोड स्वतः लिहितोय. बेकेटी–ग्रीनलीस (१९६९) संचाप्रमाणे रिअल वुड्स–सॅक्सन (कडेला हळूहळू संपणारं पोटेन्शिअल) ५०.६ एमईव्ही, डिफ्यूजनेस (कडेची जाडी) ०.७५ फर्मी, इमॅजिनरी व्हॉल्यूम ३.९, सरफेस ५.६. स्पिन–ऑर्बिट (स्पिन आणि कक्षीय गती जोडणारं पद) सध्या बंद. न्यूमेरोव्हची (तरंगसमीकरण टप्प्याटप्प्याने सोडवायची पद्धत) पायरी ०.०५ फर्मी, मॅचिंग (आतलं उत्तर बाहेरच्या कूलोम फलनांशी जुळवणं) १५ फर्मीला, एल (कोनीय संवेगाचा अंक) २५ पर्यंत.
न्यूक्लियर पोटेन्शिअल शून्य केलं (बिंदू-प्रभार ठेवून) की रदरफर्डशी (नुसत्या कूलोम विकिरणाशी) गुणोत्तर सगळीकडे १ येतं. एका तयार कोडशी रिअ‍ॅक्शन क्रॉस सेक्शनही (इलॅस्टिक सोडून बाकी सगळ्या प्रक्रियांचा एकूण) जुळतो. तरी इलॅस्टिक (ऊर्जा न गमावता होणाऱ्या) विकिरणाच्या आलेखातले खड्डे भलत्याच कोनांना पडतात. घोडं कुठे पेंड खातंय?

शून्यबिंदू:
एल = १ बघा. मूळबिंदूशी तरंगफलन आर-वर्गासारखं जातं, म्हणून केंद्रापसारी पद गुणिले फलन तिथे शून्य होत नाही, २ होतं. न्यूमेरोव्हच्या पहिल्या पायरीत ते सरसकट शून्य धरलं की फक्त पी-तरंग (एल = १) बिघडतो. मॅचिंग १५ ला आहे ते बरं. ९ फर्मीला अजून न्यूक्लियर पोटेन्शिअलची ०.३ एमईव्हीची शेपटी उरते.

कूलोमकर:
पी-तरंग बिघडला असता तर रिअ‍ॅक्शन क्रॉस सेक्शनही थोडा हलला असता. मला कूलोम आणि न्यूक्लियर पदांच्या बेरजेवर संशय आहे. तुमच्या दोन्ही चाचण्या फेजची चूक पकडूच शकत नाहीत. रिअ‍ॅक्शनमध्ये फक्त एस-मॅट्रिक्सच्या (प्रत्येक एलच्या बाहेर जाणाऱ्या तरंगाचा गुणक, पुढे नुसता एस) मापाचा वर्ग येतो. शून्य-चाचणीत एस वजा १ हे शून्यच, मग उरतो नुसता कूलोम अ‍ॅम्प्लिट्यूड. त्याची फेज काहीही असो, वर्ग रदरफर्डच. त्यातलं ऋणचिन्ह गळलं किंवा लॉगमध्ये साइन-वर्गाऐवजी साइन लिहिलं, तरी गुणोत्तर १!
आधी प्रत्येक एलसाठी एसचे रिअल, इमॅजिनरी भाग तयार कोडशी ताडा. जुळले तर सिग्मा-शून्य (एल = ० ची कूलोम फेज) तपासा. इथे इटा (कूलोम बलाची तीव्रता सांगणारा अंक) १.१५, म्हणून सिग्मा-शून्याची दुप्पट साधारण उणे ३२ अंश. ती कूलोम पदात आहे आणि बेरजेत नाही (किंवा उलट) असं झालं तर इंटरफिअरन्सची फेज तेवढीच सरकते. सोपा उपाय: दोन्हीकडे सिग्मा-शून्य शून्य धरा, सामाईक फेज वर्ग करताना जातेच. पुढचे सिग्मा मागच्यात आर्कटॅन (इटा भागिले एल अधिक १) मिळवून.

आंशिकतरंग:
एस चार दशांशांपर्यंत जुळले. सिग्माची सुरुवात शून्यापासून होती, पण कूलोम सूत्रात गॅमा फंक्शनवाला सिग्मा-शून्य राहिला होता. काढला, खड्डे जागेवर आले. आता स्पिन–ऑर्बिट सुरू करतो.

कूलोमकर:
मग दोनाचा घोळ टाळा. या संचातले ६.२ एमईव्ही हे एल-डॉट-सिग्मासाठी (इथे सिग्मा म्हणजे पाउलींचा स्पिन-सिग्मा, फेज नव्हे) आहेत: किमती एल आणि उणे (एल अधिक १). कोडमध्ये एल-डॉट-एस (इथे एस म्हणजे स्पिन, सिग्माच्या निम्मा) असेल तर १२.४ भरा. कूलोम अ‍ॅम्प्लिट्यूड फक्त स्पिन न उलटणाऱ्या पदात मिळवायचा. सिग्मा-एलची फेज मात्र दोन्ही पदांना लागते. आणि आता ताडून बघायचं ते अ‍ॅनालायझिंग पॉवर (स्पिन वर-खाली केल्यावर विकिरणात पडणारा फरक), नुसता क्रॉस सेक्शन नाही.