स्टीमपंक कन्सोल: भंगारातल्या मीटरचा काटा ऐकत नाही

खटकेबाज:
दोन महिने झाले, टेबलावर मावेल एवढा स्टीमपंक कन्सोल, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या जमान्यातला वाटेल असा नियंत्रण-फलक, जोडतोय. पितळी पत्रा, बेकलाइटचे नॉब, टॉगल स्विच, सगळं मोडक्या यंत्रांतून काढलेलं, आत अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड). घोडं अडलंय मीटरपाशी. एक मीटर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा, दुसरा बंद पडलेल्या स्टॅबिलायझरचा, ० ते ३०० व्होल्टचा. दोन्हींना सरळ ५ व्होल्ट दिले. पहिल्याचा काटा फाडकन टोकाला आपटून वाकला, दुसरा ढिम्म. शिवाय स्विच चारदा खालीवर केल्याशिवाय लागत नाहीत.

तबकडी:
अहो, सरळ ५ व्होल्ट? अ‍ॅम्प्लिफायरच्या मीटरला अर्धा मिलीअँपही पुष्कळ होतो. मीही असाच एक जाळलाय, म्हणून हक्काने ओरडतोय. काटा चिमट्याने हळूच सरळ करा. मग मीटरच्या सिरीजमध्ये १०० किलोओहमचा पॉट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) लावा आणि पूर्ण रेझिस्टन्सपासून कमी करत या. काटा शेवटच्या रेघेवर आला की थांबा, पॉट मोजा आणि तेवढाच पक्का रेझिस्टर लावून टाका. पीडब्ल्यूएमची, म्हणजे अर्डुइनोची पिन व्होल्टेज कमीजास्त भासवायला भराभर चालू-बंद होते त्याची, फिकीर नको. त्या वेगाने थरथरण्याइतका काटा चपळ नसतो.

स्टॅबिलायझरच्या मीटरची तबकडी भिंगाखाली धरा. कोपऱ्यात बारीक चिन्ह असतं. घोड्याच्या नालेसारखं चुंबक दिसलं तर मूव्हिंग कॉइल, त्यातून काम होतं. उभं वेटोळं दिसलं तर मूव्हिंग आयर्न. त्याला अर्डुइनोची पिन पुरी पडत नाही. मग आतलं काढून मागे छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर) बसवा. तबकडी जुनी, काटा जुना, कुणाला पत्ता लागत नाही.

काळीचांदी:
स्विचचं मी सांगते. जाड करंटच्या स्विचांचे संपर्कबिंदू बहुधा चांदीचे, पडून पडून काळे पडतात. २३० व्होल्टला तो थर आडवा येत नाही, ५ व्होल्टला येतो. १० किलोओहमच्या पुलअपमधून (पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामधला रेझिस्टर) जेमतेम अर्धा मिलीअँप जातो, तो थर भेदायला कमी पडतो. तिथे ४७० ओहम लावा, साधारण १० मिलीअँप होतील. आणि बेकलाइट घासू नका, जुन्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

तबकडी:
घासण्यावरून आठवलं. जुन्या लष्करी मीटरच्या आकड्यांवर पिवळट-तपकिरी रंग असेल तर काच उघडूच नका. तो रेडियमचा, म्हणजे अंधारात चमकणारा किरणोत्सर्गी रंग असू शकतो. आता चमकत नाही म्हणून धोका गेला असं समजू नका. चमक जाते ती रंगातलं झिंक सल्फाइड थकल्यामुळे; रेडियम मात्र १६०० वर्षांत जेमतेम निम्मं होतं.

खटकेबाज:
वेटोळंच निघालं! सर्व्हो बसवला. काटा छान फिरतो, पण प्रत्येक हालचालीला आतून डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो. वाफेच्या यंत्रात डास कसा खपवायचा?

काळीचांदी:
काटा जागेवर पोचला की कोडमध्ये detach करा, म्हणजे सर्व्होला सिग्नल पाठवणं थांबवा, निदान थांबल्यावर तरी गप्प बसेल.