ओव्हल मैदानासमोरची आर्ट डेको शैलीतली बिल्डिंग गेममध्ये बनवतोय, छज्जे कसे करू?

जळगावकर: सिटीज स्कायलाइन्स या शहर उभारायच्या गेमसाठी मुंबईतली १९३० च्या दशकातली बिल्डिंग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतोय, २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेलेल्या रांगेतली. गोल बाल्कन्या मस्त झाल्या पण खिडक्यांवरचे छज्जे नुसते रंगवलेले पट्टे वाटताहेत, काय चुकतंय?

भुसावळवाला: भाऊ, टेक्स्चरवर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रात नको, छज्जे खरे बाहेर काढ, सावली पडली की भिंत जिवंत होते, त्या बिल्डिंगांची सगळी मजा तिथंच आहे. लांबून दिसणाऱ्या हलक्या मॉडेलला मजल्यागणिक एकच पट्टी पुरे.

धुळेकर: आणि टेक्स्चरचे फोटो ढगाळ दिवशी काढ, उन्हातली सावली भिंतीवर चिकटून राहते, रात्रीसुद्धा.

जळगावकर: छज्जे काढले बाहेर. कोपऱ्यावरची सावली बघतच बसलो राव.