मदत हवी आहे: दुपारी नेट जातं, मागच्या खोलीत तर दिवसभर रडतं

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यातल्या एका गावात सासरी राहून पुण्याच्या कंपनीचं हिशेबाचं काम करते. गल्लीत फायबर आलंय, केबलवाल्याने तालुक्याहून ओढलेलं. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. दिवाळीपासून छान चाललं होतं, होळी झाली आणि कुणाची दृष्ट लागली कोण जाणे.

घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. पुढे बैठक, मध्ये मोकळा चौक, चौकापलीकडे स्लॅबची नवी खोली. भिंती जुन्या मातीच्या, चांगल्या दोन फुटी. राउटर बैठकीत, चौकाकडच्या खिडकीशेजारी फळीवर. मी बसते मागच्या खोलीत, कारण बैठकीत आबांची (सासरे) मंडळी आणि कूलरची घरघर. तिथून मीटिंगला बसले तर पुण्याच्या मॅडमना वाटतं मी पिठाच्या गिरणीत आहे. राउटर ते माझं टेबल अंतर पंचवीस फूट असेल.

आता मागच्या खोलीत वायफायची एकच कांडी येते. दुपारी एक ते चारमध्ये तर सगळ्या घरातलंच नेट जातं, पाच मिनिटांनी येतं, परत जातं. केबलवाला दोनदा येऊन गेला. राउटरला चिकटून मोबाइल धरतो, स्पीड ९५ दाखवतो, "लाइन ओके आहे ताई" म्हणतो आणि चहा घेऊन जातो. तो येतो सकाळी दहाला, हेही सांगायला हवं.

आबांचा उपाय एकच: "ते डबडं बंद करीसन चालू कर." पुतण्या म्हणतो मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट मार. मारू का? महिनाअखेर आहे, काम अडलंय.

तारमास्तर

ताई, आधी ती टाचणी पोराच्या हातातून काढून घ्या. बंद-चालू करणं वेगळं, रिसेट वेगळं. रिसेट मारलं की केबलवाल्याने भरलेलं युजरनेम, पासवर्ड, सगळी सेटिंग पुसली जाते. मग तो येईपर्यंत आहे तेही नेट नाही.

दुसरं, वायफाय आणि नेट ह्या दोन गोष्टी आहेत, तुम्ही एकात बांधल्यात. उद्या दुपारी नेट गेलं की राउटरचे दिवे बघा. एलओएसचा (फायबरचा सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल झाला तर फायबरमध्ये खोट. पॉनचा (फायबर जोडलेलं असल्याचा) हिरवा स्थिर आहे पण नेट नाही, तर केबलवाल्याच्या पुढची भानगड. आणि सगळे दिवे एकदम विझून परत लागत असतील तर राउटर स्वतःच मरून जिवंत होतोय.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ उघडून आत ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या उजेडाच्या जोराचा, आकडाही बघा. वजा ८ ते वजा २७ डीबीएममध्ये हवा, वजा २५ च्या खाली घसरला की मी काळजी करतो. फायबरचं टोक मात्र उपसून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला उजेड दिसत नाही पण डोळ्याला वाईट.

अर्धी भाकर

फायबरच बघा आधी. आमच्या गल्लीतून पऱ्हाट्यांची ट्रॉली गेली की वायर एकदा तरी ओढली जाते. आणि स्टॅबिलायझर घ्या. आमच्याकडे धुळ्याच्या बाजूला दुपारी सगळे कूलर लागले की व्होल्टेज १७० वर येतं. राउटर काय, पंखासुद्धा मोजून फिरतो.

तारमास्तर

पंख्याचं बरोबर, राउटरचं नाही. अडॅप्टरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. १७० त्याला चालतं. स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा.

बोरीकाठ

आज सुट्टी टाकून राउटरखाली स्टूल घेऊन बसले. आबा म्हणाले, पोरगी डबड्याला ओवाळते का काय.

एलओएस एकदाही लाल झाला नाही. पॉवर वजा २१.६. एक चाळीसला सगळे दिवे एकदम गेले, दोन सेकंद काहीच नाही, मग पॉवरचा लागला, मग एकेक करत बाकीचे. चार वाजेपर्यंत सहा वेळा असं झालं. कूलर आणि पंखा मात्र चालूच होते, म्हणजे लाइट गेली नव्हती. तिसऱ्या वेळी सहज अडॅप्टरला हात लावला तर बोट झटकन मागे आलं. प्लास्टिकचा करपट वास येत होता. संध्याकाळी सातनंतर एकदाही गेलं नाही.

मागच्या खोलीतलं रडगाणं मात्र रात्रीही तसंच.

तारमास्तर

म्हणजे दुखणं एक नाही, दोन आहेत. दुपारचं अडॅप्टरचं. त्यावर आउटपुट म्हणून दोन आकडे असतील, व्होल्ट आणि अँपिअर. ते वाचा, आणि राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर काय मागितलंय तेही वाचा.

कळण्याची भाकर

मध्येच तोंड घालते. ताई, कूलर कुठे बसवलाय?

बोरीकाठ

राउटर मागतो १२ व्होल्ट १ अँपिअर. अडॅप्टरवर आहे १२ व्होल्ट ०.५ अँपिअर! आबांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, "तो जुना जयी गया व्हता, मी दुसरा लाई दिन्हा." (जुना जळाला होता, मी दुसरा लावून दिला.) माळ्यावरच्या जुन्या मोडेमचा. संक्रांतीच्या सुमारास. पिन बसली, दिवे लागले, विषय संपला. मला कुणी सांगितलंच नाही.

@कळण्याची भाकर, कूलर चौकाकडच्या खिडकीत. का?

तारमास्तर

सापडलं. व्होल्ट तेवढेच्या तेवढे हवेत, अँपिअर जास्त असले तरी चालतात, कमी चालत नाहीत. राउटर लागेल तेवढाच करंट ओढतो. अर्ध्या ताकदीचा अडॅप्टर थंडीत कसाबसा तग धरून होता. आता बैठकीतच चाळिशीची हवा, वर त्याची स्वतःची गरमी, मग तो जीव वाचवायला स्वतःला बंद करतो, निवला की उठतो. १२ व्होल्ट, १ किंवा दीड अँपिअरचा नवा आणा, पिनची जाडी जुळते का बघायला जुना सोबत न्या. तोवर हा वापरू नका, करपट वास चांगला नाही.

कळण्याची भाकर

का म्हणजे काय! दोन फुटी मातीच्या भिंतीतून वायफाय धड जात नाही ताई, ते आजवर तुमच्याकडे खिडकीतून येत होतं. होळीनंतर तुम्ही त्या खिडकीत पत्र्याची पेटी उभी केली. तिन्ही बाजूंनी ओलं गवत, खाली टाकीभर पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषतं. आमच्याकडे अमळनेरला दर उन्हाळ्यात हेच, पावसाळा लागून कूलर माळ्यावर गेला की नेट आपोआप "दुरुस्त" व्हायचं. दोन वर्षं केबलवाल्याला शिव्या घातल्या मी.

बोरीकाठ

हसू का रडू. आज पहाटे आबा शेतात गेल्यावर दिरांनी आणि मी टाकी रिकामी करून कूलर सरकवला. मोबाइलच्या अ‍ॅपवर माझ्या टेबलापाशी सिग्नल वजा ८५ होता, खिडकी मोकळी होताच वजा ६३. परत बसवला, परत ८५. दोनदा करून पाहिलं, माझाच विश्वास बसेना.

अडॅप्टर पारोळ्याहून आणला. कालची दुपार आणि आजची, दिवे एकदाही विझले नाहीत.

पण कूलर हलवायचा नाही. बाहेर ४४ आहे, आबा सत्तरीचे. राउटर दुसऱ्या भिंतीला नेला तरी मध्ये मातीच. आता?

तारमास्तर

कूलर राहू द्या. चौकातून एक लॅन केबल ओढा, कॅट सिक्स, तांब्याची. १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, तुमची वीस मीटरही होणार नाही. मागच्या खोलीत तिला दुसरा राउटर लावा. माळ्यावर ज्याचा अडॅप्टर गेला तो मोडेम आहेच, त्याला वायफाय असेल तर तोच चालेल.

जोडण्याआधी लॅपटॉपवरून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि डीएचसीपी, म्हणजे मोबाइल-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, बंद करा. नाहीतर दोन राउटर घरभर पत्ते वाटत बसतील आणि दोघांची भांडणं. केबल त्याच्या वॅनच्या (बाहेरून नेट घ्यायच्या) भोकात नाही, लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात. वायफायचं चॅनेल पुढच्याला १, मागच्याला ११, म्हणजे दोघांच्या लहरी एकमेकांत येणार नाहीत.

बोरीकाठ

मोडेमला वायफायची दांडी आहे, म्हणजे चालेल. त्याचा जुना अडॅप्टर करपलेला, तो परत लावला नाही. आधी स्टिकर वाचून बघितलं, मोडेम ०.५ अँपिअरच मागतो, तसा नवा आणला.

केबल आणली. शेवटचा प्रश्न. चौकावरून लोंबती सोडली तर वाळवणाच्या दोरीत अडकेल. दीर म्हणतात धाब्यावरून नेऊ, कडेला भोक पाडून आत घेऊ. चालेल?

कळण्याची भाकर

धाब्याला भोक अजिबात नको! महिन्याभरात वर खारी माती टाकाल, तरी पहिल्याच पावसात नेमकं तिथूनच गळेल, थेट लॅपटॉपवर. चौकाच्या भिंतीने न्या, वळचणीखालून, लाइट फिटिंगच्या पाइपात. उन्हात उघडी ठेवलीत तर दोन उन्हाळ्यांत वरचं आवरण तडकतं. आत घ्यायला दाराच्या चौकटीची वरची फट पुरते.

तारमास्तर

आणि लाइटच्या वायरच्या पाइपात ती घालू नका, वेगळा पाइप घ्या, वीतभर अंतर ठेवून. वळणावर केबल दुमडू नका, गोल फिरवा. मृगाचे ढग गडगडायला लागले की दोन्हीकडची पिन काढून ठेवायची.

बोरीकाठ

झालं! वेगळा पाइप, चौकटीच्या फटीतून आत. मागच्या खोलीत स्पीड ९३. आत्ता ह्याच नेटवरून लिहितेय, दुपारचे अडीच वाजलेत, बैठकीत कूलर घरघरतोय.

आबा मघाशी खाट उचलून मागच्या खोलीत आले. म्हणे इकडे मोबाइल जोरात चालतो.