पदवी आधीच आहे, आता नर्सिंगला जायचंय. कमी वर्षांचा मार्ग आहे का? (मुंबई)

घाटकोपरची_लेक
नमस्कार. वय २७, मुंबई विद्यापीठाची बीएससी मायक्रोबायोलॉजी, पाच वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. गेल्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. नाईटच्या सिस्टर दर दोन तासांनी येऊन त्यांची कूस बदलायच्या. एकदा त्यांनी बाबांच्या टाचेला हाताची मागची बाजू लावून पाहिली आणि पोटरीखाली उशी सरकवून टाच गादीपासून अधांतरी ठेवली. "जखम इथूनच सुरू होते," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मला हेच काम करायचंय. अमेरिकेत पदवीधरांना सव्वा-दीड वर्षात नर्सिंगची पदवी मिळते असं वाचलं. आपल्याकडे असं काही आहे का? चार वर्षं परत शिकायचं म्हणजे घरातला एक पगार बंद. बारावीला पीसीबी होतं.

परळच्या_सिस्टर
मी २२ वर्षं वॉर्डात आहे, म्हणून स्पष्ट सांगते: भारतात असा छोटा कोर्स नाही. तुझ्या बीएससीमुळे एकही वर्ष कमी होत नाही. बीएससी नर्सिंग ४ वर्षांचं, त्यासाठी सीईटी द्यावी लागते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा ३ वर्षांचा, तो बारावीच्या कोणत्याही शाखेवर चालतो. 'पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंग २ वर्षांत होतं' असं कुणी सांगेल, पण ते जीएनएम झालेल्या नोंदणीकृत नर्सेससाठी आहे. म्हणजे तीन आणि दोन, पाच वर्षं. तुझं पीसीबी आहे, तर सरळ बीएससी नर्सिंग कर. चर्चगेटला एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज आहे, तिथे चौकशी कर. कुठल्याही कॉलेजात पैसे भरण्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता स्वतः तपास. माझ्या भाचीने ती तपासली नाही आणि एक वर्ष फुकट गेलं.

शिवडी_ते_सेंट_लुईस
अमेरिकेचं मी सांगतो, बायकोने हाच कोर्स केलाय. पदवीधरांसाठीचे हे कोर्स साधारण ११ ते १८ महिन्यांचे असतात. सेंट लुईस विद्यापीठाने असा कोर्स १९७१ मध्येच सुरू केला. पण त्या महिन्यांत सगळं धरलेलं नसतं. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय आधी झालेले लागतात आणि फार जुने असतील तर काही विद्यापीठं ते परत करायला लावतात. आपली तीन वर्षांची पदवी तिथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरतीलच असं नाही, म्हणून अर्जाआधी पदवीचं मूल्यांकन करून घे. शेवटी एनक्लेक्स ही नर्सिंगची लायसन्स परीक्षा पास झाल्याशिवाय लायसन्स नाही.

खरी अडचण व्हिसाची आहे. शिकल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. साध्या स्टाफ नर्सच्या नोकरीला एच-१बी हा कामाचा व्हिसा सहसा मिळत नाही आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग कित्येक वर्षांची आहे. बायकोला माझ्यामुळे व्हिसा होता. एकट्या मुलीने कर्ज काढून या वाटेने यावं असं मी म्हणणार नाही.

मेलबर्न_गिरगाव
मग ऑस्ट्रेलिया पाहा. इथे पदवीधरांसाठी २ वर्षांचं मास्टर्स आहे, मेलबर्न आणि सिडनी दोन्ही विद्यापीठांत. ते झालं की नर्स म्हणून नोंदणी करता येते. फी जबर आहे. शिवाय हॉस्पिटलमधल्या पोस्टिंगच्या आठवड्यांत पार्टटाइम नोकरी जवळजवळ अशक्य. सकाळी सातची ड्युटी, घरी आलं की फक्त झोप.

शिकाऊ_अधिपरिचारक
ब्रिटनमध्येही पदवीधरांना २ वर्षांत होतं. एकूण ४,६०० तास लागतात, निम्मे थिअरी आणि निम्मे प्रत्यक्ष काम. त्यातला काही भाग आधीच्या शिक्षण-अनुभवावर माफ करतात. तुझी लॅबची पाच वर्षं लेखी मांड, आणि रुग्णसेवेचा अनुभव वेगळा मागतात तोही जमव.

परळच्या_सिस्टर
एक राहिलंच. बाहेर शिकून इथे परत काम करायचं असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते. बाबांना सोडून किती वर्षं राहशील, ते आधी ठरव. आणि महिनाभर तरी रविवारी कुठेतरी रुग्णसेवेला जा. बाबांचं केलंस ते प्रेमाने. अनोळखी माणसाची उलटी पुसताना काय वाटतं ते बघ.

घाटकोपरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सोडून दोन वर्षं राहणं मला जमणार नाही, हे वाचतानाच कळलं. सीईटीची तयारी करते. लॅबमालकांना संध्याकाळची पाळी विचारलीय. सिस्टर, घाटकोपरजवळ वृद्धांची सेवा करणारी एक संस्था आहे, या रविवारपासून तिथे जातेय.