गायरानावर सोलर: दिवसा वीज पाहिजेच, पण माळ फुकटात का द्यायचा?

हळदवाला (वसमत)

पुढच्या आठवड्यात आमच्या गावात ग्रामसभा आहे. विषय एकच, सबस्टेशनच्या मागचं पंधरा एकर गायरान सौर प्रकल्पाला द्यायचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला ३ मेगावॉटचा प्रकल्प आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शेतीच्या फिडरला (सबस्टेशनातून पंपांकडं जाणाऱ्या लाईनला) लागणारी वीज गावाजवळच पॅनेलवर तयार करायची, ३३ केव्ही सबस्टेशनात सोडायची आणि शेतकऱ्याला दिवसा थ्री फेज द्यायची. प्रकल्प कंपनी उभारते, महावितरण २५ वर्षं वीज विकत घेतं. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ साली यातला पहिला ३ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हे आता कागदावरचं राहिलेलं नाही.

सौरला माझा विरोध नाही. भांडण जमिनीच्या हिशोबाचं आहे. याच योजनेत खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख भाडं मिळतं, म्हणजे एकरी ५० हजार, वर दरवर्षी ३ टक्के वाढ. गायरान सरकारी म्हणून ते कंपनीला नाममात्र भाड्यानं. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षं. झाले १५ लाख. हेच पंधरा एकर एखाद्या बागाईतदाराचे असते तर त्याला पहिल्याच वर्षी साडेसात लाख मिळाले असते, आणि वाढ धरून २५ वर्षांत पावणेतीन कोटींच्या घरात. गावानं काय घोडं मारलंय?

मी ठराव मांडणार आहे: खाजगी दरानं भाडं, नाहीतर जमीन नाही. बोला.

रातपाळी (जिंतूर)

हळदवाले दादा, तुमच्याकडं रात्रीची लाईट नसंल बहुतेक. आमच्याकडं एका आठवड्यात दिवसा आठ तास, पुढच्या आठवड्यात रात्री. रात्री म्हणजे साडेबारा-एकला येणार, त्यात डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड आला की डिओ, म्हणजे तिथला फ्यूज, उडणार. मग वायरमनला फोन लावत बसायचं, तो उचलणार सकाळी. गेल्या हिवाळ्यात गव्हाला दारं धरताना बॅटरीचा उजेड नेमका घोणशीवर पडला म्हणून हे लिहायला जागेवर आहे.

तुम्ही भाड्यासाठी अडून बसणार, कंपनी म्हणणार बरं, शेजारच्या गावात जातो. मग तुमच्या ठरावाची सुरळी करून स्टार्टरच्या पेटीत ठेवा. आणि त्या माळावर आज आहे काय हो? वेड्या बाभळी आणि दारूच्या बाटल्या. १५ लाख तर १५ लाख, घ्या आन् मोकळे व्हा.

गणिती_नांदेड

रातपाळी, तुमचा त्रास खरा आहे, पण दिवसा वीज हा जमिनीचा मोबदला नाही. ती तर सगळ्या फिडरला मिळणार. ज्यानं खाजगी जमीन दिली त्याच्या गावालाही मिळणार, वर त्याला भाडं. मग गायरानवाल्या गावानंच उदार का व्हायचं?

निवृत्त_३३केव्ही (छत्रपती संभाजीनगर)

वीज कंपनीत आयुष्य गेलं, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. पटेलच असं नाही.

सरकारी जमीन का लागते? प्रकल्प सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत हवा. लांब गेला की लाईन टाकायचा खर्च वाढतो आणि गळतीही. मेगावॉटला चार ते पाच एकर सलग जमीन लागते. मराठवाड्यात सबस्टेशनजवळ पंधरा एकर सलग, एकाच नावावर, वाद नसलेली जमीन शोधून दाखवा. सात-बारावर आठ बहिणी-भाऊ, त्यातला एक पुण्यात, एक बोलत नाही. खाजगी जमिनीचे करार त्यामुळेच रखडतात.

दुसरं, या योजनेतली वीज युनिटला साधारण तीन रुपयांना पडते. औष्णिक वीज गावात पोचेपर्यंत त्याहून कितीतरी महाग होते. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल २०२४ पासून माफ आहे, बळीराजा मोफत वीज योजनेत, मार्च २०२९ पर्यंत. ते पैसे सरकार महावितरणला देतं, म्हणजे शेवटी आपणच. ही वीज जितकी स्वस्त तितका तो बोजा कमी. गायरानाला खाजगी भाडं लावलंत की ते दरात चढणार.

आणि परळी विसरू नका. पाणी नाही म्हणून औष्णिक केंद्र २०१३ ला बंद ठेवावं लागलं, २०१५ ला पुन्हा. आपल्या दुष्काळी भागात पाण्यावर चालणारी वीज आणि कोळशाची राख, दोन्ही आपण भोगलंय. पॅनेल धुवायला पाणी लागतं, पण त्याच्या पासंगालाही नाही.

गणिती_नांदेड

सर, दरात किती चढणार तेही मांडू ना. मराठवाड्याच्या उन्हात १ मेगावॉट वर्षाला १५ लाख युनिटच्या आसपास देतो. ३ मेगावॉटचे ४५ लाख. साडेसात लाख भाडं त्यावर वाटलं तर युनिटमागं १६-१७ पैसे. वाढ धरून २५ वर्षांची सरासरी काढली तरी पाव रुपयाच्या आत. एवढ्यानं योजना बुडत असेल तर ती मुळातच बुडकी आहे.

माळावरची (केज)

सगळे भाड्यावर भांडताय. त्या पंधरा एकरात आज कोण कसतंय, हे एकानं तरी विचारलं का? रातपाळी भाऊंना बाभळी आणि बाटल्या दिसल्या. आमच्याकडच्या माळावर आमची ज्वारी दिसली असती.

माझ्या सासऱ्यानं दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचं ऐकत ऐकत गायरानाचा तुकडा फोडला. मुरूम होता नुसता. दगड वेचून बांध घातले, अजूनही पावसाळा झाला की नवीन दगड वर येतात. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० दरम्यानची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची. किती जणांच्या नावावर झाली? आमच्या वस्तीत विचारा. दंडाच्या पावत्या आहेत, पंचनामे आहेत, सात-बारा नाही.

आता सर्व्हेवाले येतात, दगडाला चुना फासतात, तारेचं कुंपण घालतात. कुंपणाच्या आत नुसती आमची जमीन जात नाही, स्मशानभूमीची वाटही जाते. गावात सवर्णांची स्मशानभूमी वेगळी, तिच्या वाटेला कोणी हात लावत नाही. तुमची दिवसाची वीज ज्याच्याकडं विहीर आहे त्याला. आमच्याकडं विहीर नाही, मोटार नाही. आमच्या हातचा माळ जातो आणि फिडर तुमचा उजळतो.

रातपाळी (जिंतूर)

ताई, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण गायरानावर सगळेच भूमिहीन आहेत असं म्हणू नका. आमच्याकडं सर्वात मोठं अतिक्रमण ज्याचं आहे त्याचे दोन ट्रॅक्टर आहेत. आणि सर्वोच्च न्यायालयानंच २०११ ला जगपाल सिंग प्रकरणात सांगितलंय ना, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून.

माळावरची (केज)

तोच निकाल पूर्ण वाचा भाऊ. भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं रीतसर दिलेल्या जमिनीचा अपवाद त्यातच आहे. शाळा-दवाखान्याचाही आहे. ट्रॅक्टरवाल्याचं काढा, मी टाळ्या वाजवीन. पण निकाल दाखवायचा तर गावची जमीन कंपनीच्या कुंपणात जाते त्यालाही दाखवा. तो निकाल आला तो सामाईक जमिनी वाचवायला.

बोअर_६०० (लातूर)

मला दोन्ही बाजूंचं एक कळत नाही. दिवसा वीज आली म्हणजे भलं झालं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हाही आजूबाजूला ऊस उभा होता. वीज फुकट, दिवसा, आठ तास भरवशाची, तर बोअर बंद कोण करणार? आज रात्रीची लाईट म्हणून निम्मे लोक झोपतात, तेवढंच पाणी वाचतं. (असं म्हटलं की शिव्या बसतात, पण आहे ते आहे.) लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटोस्विच लावून झोपणारे त्यातही निघालेत.

वैयक्तिक सौर पंपाचंही तेच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. पण तो पंप साधारण शंभर मीटरपर्यंतच उचलतो. आमचं पाणी सहाशे फुटांवर. ज्याची विहीर भरलेली त्याचा पंप दिवसभर फुकट चालणार, आणि आमचं पाणी आणखी खाली. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढून पंपाची उरलेली सौर वीज ग्रीडला विकली. तिथं मोटार बंद ठेवण्यात पैसा आहे. आपल्याकडं मोटार बंद ठेवणारा येडा ठरतो.

निवृत्त_३३केव्ही (छत्रपती संभाजीनगर)

बोअरवाले साहेब, मुद्दा रास्त आहे, पण उसाचा राग विजेवर काढू नका. ऊस रात्रीच्या विजेवरच वाढलाय. कारखाना, हमीचा दर आणि राजकारण यांनी तो लावला. दिवसा वीज असली तर शेतकरी ठिबकचा दाब बघू शकतो, फुटलेली नळी दिसते. रात्री मोटार सोडून घरी गेला की सकाळपर्यंत बांधावरून पाणी वाहतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

ढुंडीचं कौतुक मलाही आहे. पण तिथले पंप ग्रीडला जोडलेले होते. 'मागेल त्याला' मधले सुटे आहेत, त्यांची उरलेली वीज वायाच जाते. राहता राहिली गावाची सहकारी संस्था, तर ३ मेगावॉटला दहा कोटींच्या वर भांडवल लागतं. केंद्राचं अनुदान धरलं तरी बाकीचं कर्ज कोण देणार? मराठवाड्यात सहकाराचं नाव काढलं की जिल्हा बँकेचा मॅनेजर आधी घाम पुसतो.

मेंढरं_माळ (भूम)

आमचं कोणीच धरलं नाही. पावसाळ्यात पिकं उभी असतात तेव्हा जनावरं जाणार कुठं? देवणी, लाल कंधारी, उस्मानाबादी शेळी असं नाव घेऊन प्रदर्शनात फेटे बांधायचे आन् चरायला माळ ठेवायचा नाही. पॅनेल उंच बसवा, खाली मेंढरं सोडू द्या, गवतपण वाढणार नाही आन् कंपनीचा कापणीचा खर्चही वाचंल. कंपनीवाल्याला बोललो तर म्हणला केबल चावतील. केबल पाईपात घाल की बाबा.

हळदवाला (वसमत)

सगळं वाचलं. ठराव बदलतोय, पण भाड्याची मागणी सोडत नाही. गणितींचे युनिटमागचे १६-१७ पैसे आता तोंडपाठ झालेत. भाडं ग्रामपंचायतीच्या खात्यात, आणि त्यातला ठरावीक हिस्सा ज्यांच्याकडं जमीनच नाही त्यांच्यासाठी, असं लिहितोय. स्मशानभूमीची आणि जनावरांची वाट कुंपणाबाहेर, मोजणीच्या नकाशावर दाखवून. मेंढरांचं तोंडी मांडतो, कंपनी सभेला आली तर.

बोअर_६०० साहेब, पाण्याचं या ठरावात घालत नाही. घातलं तर सभा तिथंच मोडेल.

निवृत्त_३३केव्ही (छत्रपती संभाजीनगर)

'भाडं नाहीतर जमीन नाही' हे वाक्य काढा. जमीन सरकारची आहे, तुम्ही अडवली असं दिसलं की वरून थेट आदेश येईल. 'गावाची सहमती खालील अटींवर' असं लिहा. आणि भाड्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडं स्वतंत्र पत्रानं करा, कंपनीच्या हातात ते नाहीच.

रातपाळी (जिंतूर)

अटी घाला, पण हरभऱ्याला पाणी द्यायच्या आत काय ते उरका. आमच्या गावानं समिती नेमली, समितीनं उपसमिती नेमली, आणि आम्ही अजून रात्री दारं धरतोय.

माळावरची (केज)

हळदवाले दादा, सभेच्या आधी तलाठ्याकडून गाव नमुना १-ई काढा. अतिक्रमणांची नोंदवही आहे ती. त्या पंधरा एकरात कोणाची नावं आहेत, कोणत्या सालापासून, ते सभेत मोठ्यानं वाचा. हिश्श्याचं मग बोलू.

हळदवाला (वसमत)

तलाठी दोन गावांना एकच आहेत, सोमवारी सज्जावर असतात. सोमवारीच अर्ज देतो.