गाडीचं माहेर बघून किंमत ठरते का?

घाटवळण:
जुन्या स्पोर्ट्स कारच्या लिलावांचे निकाल मी बरीच वर्षं मन लावून वाचतोय. एक तुलना डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. १९६७ च्या सुमाराला दोन अतिशय देखण्या कूपे (दोन दारांच्या गाड्या) बनत होत्या. टोयोटा २०००जीटी, एकूण ३५१. फेरारी २७५ जीटीबी/४, एकूण ३३०. दोन्ही सारख्याच दुर्मिळ. तरी २०१३ साली टेक्सासमध्ये एक २०००जीटी ११ लाख ५५ हजार डॉलरला गेली, तर जपानी गाडीला एवढे पैसे आले याचीच बातमी झाली. त्या फेरारीला वीस लाखांच्या वर सहज मिळतात आणि कुणाला नवल वाटत नाही. माझ्या मते घेणारा गाडीच्या आधी तिचं माहेर बघतो. २०००जीटीवर हा उघड अन्याय आहे.

पिस्टन:
अजिबात सहमत नाही. फेरारीत बारा सिलिंडर, ३.३ लिटर, ३०० अश्वशक्ती. टोयोटात सहा सिलिंडर, २ लिटर, १५०. शिवाय १९६० ते १९६५ अशी सलग सहा वर्षं ल माँ ही फ्रान्सची २४ तासांची शर्यत फेरारीने जिंकली. टोयोटाला तिथला पहिला विजय मिळायला २०१८ उजाडलं. लोक पैसे मोजतात ते या कमाईचे.

घाटवळण:
ऑक्टोबर १९६६ मध्ये जपानमधल्या याताबेच्या ट्रॅकवर हीच २०००जीटी ७८ तास पळवली होती. तीन जागतिक आणि तेरा आंतरराष्ट्रीय विक्रम झाले. ती कमाई कुणी धरतच नाही!

जुनागिअर:
माहेर म्हणजे देश म्हणत असाल तर दे तोमासो मांगुस्ता बघा. इटलीतल्या मोदेनाची, म्हणजे फेरारीच्या शेजारचीच. नामवंत डिझायनर जुजारोचं डिझाइन, फक्त ४०१ गाड्या. पण आत अमेरिकन फोर्डचं व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन. ती आजही सहसा पाच लाख डॉलर गाठत नाही. इटली असूनही! उलट डिनो २४६ घ्या. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारींनी दिवंगत मुलाच्या नावाने काढलेली, कंपनीने त्यावर आपलं घोड्याचं चिन्हसुद्धा लावलं नव्हतं. आज तिला फेरारी म्हणूनच मान आहे. तेव्हा देश बाजूला ठेवा, घराणं मोजलं जातं.

नागोयाकर:
पिस्टन, नुसत्या अश्वशक्तीवर ही गाडी तोलू नका. मी नोकरीनिमित्त इकडे जपानमध्ये आहे. नागाकुतेच्या टोयोटा संग्रहालयात २०००जीटीसमोर किती वेळ उभा होतो ते कळलंच नाही. पुढे काचेआड दोन मोठे दिवे, त्यांच्या वर उघडझाप होणारे हेडलाइट. छत एवढं खाली की माझ्या कमरेच्या जरा वर येतं. आत शिसवी लाकडाचा डॅशबोर्ड. तो यामाहाचा आहे, पियानो बनवणाऱ्या यामाहाचा. गाडीची जुळणीही त्यांच्याच कारखान्यात व्हायची. याला घराणं नाही म्हणणार? बरं, २०२० पासून टोयोटा या गाडीच्या गिअरबॉक्सचे भाग पुन्हा बनवून देतेय. पन्नास वर्षांनी सुटे भाग मिळणं हे मालकासाठी फार मोठं आहे.

पिस्टन:
डॅशबोर्डचं मनापासून मान्य. पण २०२२ मध्ये फ्लोरिडात एक २०००जीटी २५ लाख ३५ हजार डॉलरला गेली, ती कोणती? कॅरोल शेल्बी या नामवंत अमेरिकन शर्यतपटूच्या संघाने १९६८ मध्ये अमेरिकेत शर्यतीला उतरवलेली. माहेर तेच, किंमत दुप्पट. फरक शर्यतींचाच.

घाटवळण:
तिच्यावर शेल्बी हे अमेरिकन नाव लागलं तेव्हाच ना? माझाच मुद्दा झाला.

जुनागिअर:
मग टोयोटाच्याच लेक्सस या महागड्या ब्रँडच्या एलएफएचं काय? फक्त ५००, २०१० ते २०१२ मध्ये बनलेल्या, पावणेचार लाख डॉलरच्या. उत्पादन थांबल्यावरही अमेरिकेतल्या शोरूममध्ये काही नव्याकोऱ्या गाड्या वर्षानुवर्षं पडून होत्या. आज त्यांना नव्याच्या दुपटीहून जास्त भाव आहे. शेल्बी नाही, ल माँ नाही. तिच्या व्ही१० (दहा सिलिंडरच्या) इंजिनाचा आवाज ज्या पोरांनी व्हिडिओवर हजारदा ऐकला, त्यांच्या हातात आता पैसा आलाय.

घाटवळण:
एलएफए माझ्या लक्षातच आली नव्हती. पण मग २०००जीटीचा आवाज ऐकत वाढलेली पिढी जपानच्या बाहेर होती कुठे? अमेरिकेत जेमतेम साठेक गाड्या गेल्या होत्या.